परदेशात शिकवून मिळालेला पगार भारतीय विवरणपत्रात कसा दाखवावा

जानेवारी २०२५ मध्ये मी अमेरिकेतील एका विद्यापीठात एका सत्रापुरती अभ्यागत प्राध्यापक म्हणून गेले आणि २० मे रोजी परत आले. जेमतेम साडेचार महिन्यांचे हे अध्यापन, पण त्याचा पगार भारतातील दोन आर्थिक वर्षांत विभागला गेला आणि दोन्ही विवरणपत्रांत तो वेगवेगळ्या तऱ्हेने दाखवावा लागला. निघताना एका करसल्लागाराने मला निर्धास्तपणे सांगितले होते, "तुम्ही आता एनआरआय झालात, तिकडच्या पगाराची इकडे काळजी नको." हे साफ चुकीचे होते, आणि त्या चुकीचे व्याज मीच भरले. जे शिक्षक, प्राध्यापक किंवा संशोधक थोड्या काळासाठी बाहेर शिकवायला जातात आणि परत येतात, त्यांच्यासाठी हा सगळा क्रम लिहून ठेवत आहे.

येथे दिलेली कलमे प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मधील आहेत. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला हाच कायदा लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत, हे लक्षात ठेवावे.

१. आधी दिवस मोजा

बाकी सर्व गोष्टी तुम्ही त्या वर्षी "रहिवासी" होता की "अनिवासी" यावर ठरतात, आणि ते व्हिसावर नव्हे तर भारतात काढलेल्या दिवसांवर ठरते. पासपोर्टवरील शिक्के समोर ठेवा आणि १ एप्रिल ते ३१ मार्च या काळातील भारतातील दिवस मोजा. हे दिवस १८२ किंवा अधिक असतील तर तुम्ही रहिवासी आहात. त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढले असतील, तरीही रहिवासीच. मात्र भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडून जात असेल, तर ज्या वर्षी तो निघतो त्या वर्षापुरती ६० दिवसांची ही मर्यादा १८२ दिवसांची होते.

माझा हिशेब असा झाला: १ एप्रिल २०२४ ते ४ जानेवारी २०२५ असे २७९ दिवस मी भारतात होते, म्हणजे २०२४-२५ मध्ये रहिवासी. पुढच्या वर्षी २० मेपासून ३१ मार्चपर्यंत ३१६ दिवस, म्हणजे पुन्हा रहिवासी. याउलट, एखादे सहकारी १० ऑगस्टला नोकरीसाठी निघाले असतील आणि ३१ मार्चपर्यंत परतले नसतील तर त्यांचे भारतातील दिवस १३२ भरतात आणि त्या वर्षी ते अनिवासी ठरतात. अनिवासी व्यक्तीच्या परदेशात कमावलेल्या आणि परदेशातच हाती आलेल्या पगारावर भारतात कर लागत नाही. तेव्हा ऑगस्टमध्ये निघणे आणि जानेवारीत निघणे यांत वेळापत्रकापलीकडचाही फरक आहे, आणि तो निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी कोणी सांगत नाही.

रहिवाशांतही एक पोटभेद आहे. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागील सात वर्षांत मिळून ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात असाल, तर तुम्ही "रहिवासी परंतु सामान्यतः रहिवासी नसलेले" ठरता आणि परदेशातील नोकरीच्या पगारावर भारतात कर लागत नाही. दीर्घकाळ बाहेर राहून परतणाऱ्यांना या सवलतीचा उपयोग होतो. एका सत्रासाठी जाणाऱ्याला जवळजवळ कधीच नाही. पुढील सर्व मजकूर मुख्यतः सामान्य रहिवाशांसाठी आहे, कारण जगभरातील उत्पन्न दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येते.

येथे दोन खाचखळगे आहेत. पहिला म्हणजे, परकीय चलनाच्या कायद्यातील "एनआरआय" आणि प्राप्तिकरातील "अनिवासी" या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बँकेने तुमचे खाते एनआरओ (एनआरआयसाठीचे रुपयांतील खाते) केले म्हणून प्राप्तिकर विभाग तुम्हाला अनिवासी मानत नाही. दुसरा म्हणजे, अनिवासी असतानाही परदेशी संस्थेकडून पगार थेट भारतातील खात्यात घेतला तर ते उत्पन्न "भारतात प्राप्त झालेले" ठरू शकते आणि करपात्र होते. पगार आधी तिकडच्या खात्यात घ्यावा, मग हवा तेवढा इकडे पाठवावा.

२. करारातील शिक्षकांचा अनुच्छेद वाचा

भारताने अनेक देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार केले आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच करारांत अध्यापक व संशोधकांसाठी स्वतंत्र अनुच्छेद आहे. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांबरोबरच्या करारांत तो अनुच्छेद २२ आहे. जाण्यापूर्वी जो भारताचा रहिवासी होता आणि जो मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी गेला, त्याच्या त्या मोबदल्यावर दोन वर्षांपर्यंत तिकडे कर लागत नाही, असा त्याचा आशय आहे. अमेरिकेच्या करारात भेटच दोन वर्षांपेक्षा जास्त नसावी अशी शब्दरचना आहे, त्यामुळे तीन वर्षांच्या नेमणुकीवर जाणाऱ्याने पहिल्या दोन वर्षांची सवलत गृहीत धरू नये. संशोधन प्रामुख्याने खासगी लाभासाठी असेल तर ही सवलत मिळत नाही.

ही सवलत आपोआप मिळत नाही. अमेरिकेत त्यासाठी विद्यापीठाच्या वेतन विभागाला फॉर्म ८२३३ द्यावा लागतो, आणि त्यावर तिकडचा करदाता क्रमांक लागतो. तो क्रमांक हाती येईपर्यंत पगारातून कर कापला जाऊ शकतो. मी पहिल्याच आठवड्यात अर्ज केला, म्हणून माझी फेब्रुवारीपासूनची कपात थांबली.

सर्वात मोठा गैरसमज येथेच होतो. तिकडे कर माफ झाला याचा अर्थ उत्पन्न करमुक्त झाले असा नाही. कर लावण्याचा अधिकार भारताकडे आला, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या पगारावर अमेरिकेचा संघीय कर जवळजवळ लागलाच नाही, आणि नेमक्या त्याच कारणाने भारतात तो पूर्ण लागला. सहकाऱ्यांना हे सांगितले की त्यांचा चेहरा पडतो.

उलट बाजूही पाहा. करारानुसार तिकडे माफी असताना तुम्ही ती मागितली नाही आणि कर कापू दिला, तर त्या कराची वजावट भारतात नाकारली जाऊ शकते, कारण तो कर करारानुसार देय नव्हताच. अशा वेळी तिकडे विवरणपत्र भरून परतावा मागणे हाच सरळ मार्ग आहे.

३. कागदपत्रे तिकडे असतानाच गोळा करा

परत आल्यावर विद्यापीठाची संगणक प्रणाली तुमचा प्रवेश बंद करते आणि मग एका पगारपत्रकासाठी आठ ई-मेल पाठवावे लागतात. निघण्यापूर्वी पुढील गोष्टी उतरवून घ्या.

नेमणुकीचे पत्र, ज्यात कालावधी आणि मोबदला स्पष्ट लिहिलेला आहे.
प्रत्येक महिन्याचे पगारपत्रक, कपातींच्या तपशिलासह.
वार्षिक करप्रमाणपत्र: अमेरिकेत डब्ल्यू-२, आणि करारानुसार माफ झालेल्या पगारासाठी १०४२-एस, ब्रिटनमध्ये पी६०, आणि नोकरी सोडताना पी४५.
तिकडे भरलेल्या विवरणपत्राची प्रत.
परदेशी बँकखात्याचे सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंतचे सर्व उतारे, आणि खाते बंद केल्याचे पत्र.
पासपोर्टच्या सर्व पानांची स्कॅन प्रत.

अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, ब्रिटनचे ६ एप्रिल ते ५ एप्रिल, ऑस्ट्रेलियाचे जुलै ते जून. आपले वर्ष यांपैकी कशाशीच जुळत नाही. माझे १०४२-एस २०२६ च्या मार्चमध्ये आले. पण त्यातील जानेवारी ते मार्च २०२५ चा पगार मला २०२५ मध्येच भरायच्या विवरणपत्रात दाखवायचा होता. म्हणून वार्षिक प्रमाणपत्राची वाट पाहत बसू नये. महिनावार पगारपत्रके हाच खरा आधार आहे. प्रमाणपत्र आल्यावर एकूण बेरीज जुळते की नाही एवढे ताडून पाहावे.

४. रुपयांत रूपांतर: नियम ११५

बँकेने तुम्हाला दिलेला दर, गुगलवरचा दर किंवा वर्षाची सरासरी यांपैकी काहीही चालत नाही. नियम ११५ नुसार स्टेट बँक ऑफ इंडियाचा टीटी बाइंग रेट (बँक परकीय चलन विकत घेते तो दर) घ्यावा लागतो. पगारासाठी तो कोणत्या दिवसाचा, हेही ठरलेले आहे: ज्या महिन्यात पगार देय झाला त्याच्या लगतच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. जानेवारीच्या पगाराला ३१ डिसेंबरचा दर, फेब्रुवारीच्या पगाराला ३१ जानेवारीचा, मार्चच्या पगाराला २८ फेब्रुवारीचा. मी वहीत पाच ओळींचा तक्ता केला: महिना, डॉलर, तारीख, दर, रुपये. पहिल्या तीन ओळी एका विवरणपत्रात गेल्या, उरलेल्या दोन दुसऱ्यात.

स्टेट बँक रोजचा दरपत्रक प्रसिद्ध करते, पण जुन्या तारखेचा दर नंतर शोधणे जिकिरीचे असते. महिनाअखेरीस त्या दिवसाचा दरपत्रक उतरवून ठेवण्याची सवय लावावी.

एखाद्या व्याख्यानाचे एकरकमी मानधन मिळाले असेल, नोकरी नसेल, तर ते "इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न" धरले जाते आणि त्याला आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा, म्हणजे ३१ मार्चचा दर लागतो.

५. आगाऊ कराच्या तारखा चुकवू नका

परदेशी संस्था भारतात टीडीएस (पगार देतानाच कापला जाणारा कर) कापत नाही. इकडच्या पगारातील टीडीएस वजा करून वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. तो भरला नाही तर कलम २३४ब आणि २३४क खाली दरमहा १ टक्का व्याज लागते.

मी नेमकी येथे अडकले. १५ मार्च २०२५ रोजी मी परीक्षेचे पेपर तपासत होते आणि "एनआरआय झालात" हे वाक्य डोक्यात पक्के बसलेले होते. जुलैमध्ये हिशेब केला तेव्हा दोन्ही कलमांचे व्याज समोर आले. २३४क चे व्याज तर जूनच्या हप्त्यापासून मोजले गेले, जेव्हा मला निमंत्रणाचे पत्रही आलेले नव्हते. भांडवली नफा, लाभांश अशा अचानक येणाऱ्या काही उत्पन्नांना या व्याजातून सूट आहे, पगाराला नाही. हे मला आजही अन्यायाचे वाटते, पण नियम तसा आहे.

ज्यांना इकडच्या संस्थेचा पगारही चालू आहे त्यांच्यासाठी सोपा उपाय आहे: आपल्या संस्थेच्या लेखा विभागाला परदेशी पगाराची माहिती लेखी द्यावी आणि इकडच्या पगारातून जास्त कर कापून घ्यावा. टीडीएस वर्षाच्या अखेरीस कापला तरी आगाऊ कराचा प्रश्न उरत नाही.

६. योग्य फॉर्म आणि योग्य रकाने

परदेशी उत्पन्न किंवा परदेशी मालमत्ता असलेल्या रहिवाशाला आयटीआर-१ किंवा आयटीआर-४ हे विवरणपत्राचे सोपे फॉर्म चालत नाहीत. पगारदारासाठी आयटीआर-२, आणि स्वतंत्र व्यावसायिक म्हणून शिकवत असाल तर आयटीआर-३. घरी बसून परदेशी विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिकवणारे अनेकजण कलम ४४एडीए (ठरावीक व्यावसायिकांसाठी अंदाजे उत्पन्नाची सोय) खाली निम्मे उत्पन्न दाखवून मोकळे होतात. पण त्या कलमातील व्यवसायांच्या यादीत अध्यापन नाही. शिवाय ते काम भारतात बसून झालेले असल्याने तो पैसा डॉलरमध्ये आला तरी परदेशातील उत्पन्न ठरत नाही.

आयटीआर-२ मध्ये पगाराच्या शेड्यूलमध्ये (फॉर्मच्या तक्त्यात) परदेशी विद्यापीठ दुसरा नियोक्ता म्हणून जोडावे. पत्त्याच्या राज्याच्या रकान्यात "फॉरेन" हा पर्याय निवडावा. टॅन (भारतात कर कापणाऱ्याचा क्रमांक) नसतो, तो रकाना रिकामा राहतो. प्रमाणित वजावट दोन्ही पगार मिळून एकदाच मिळते, नव्या करप्रणालीत ७५,००० रुपये. विद्यापीठाने मोफत निवास दिला असेल तर तोही पगाराचाच भाग समजावा.

त्यानंतर शेड्यूल एफएसआय, म्हणजे परदेशातील उत्पन्नाचा तक्ता. तेथे देशाचा संकेतांक, तिकडचा करदाता क्रमांक (तो नसेल तर पासपोर्ट क्रमांक), उत्पन्नाचा प्रकार, रक्कम, तिकडे भरलेला कर आणि भारतात त्या रकमेवर येणारा कर लिहावा लागतो. तिकडे कर शून्य असला तरी हे शेड्यूल भरायचे असते. मी पहिल्या प्रयत्नात रक्कम फक्त येथे लिहिली आणि देय कर आश्चर्यकारकरीत्या कमी दिसला. कारण एफएसआयमधील रक्कम एकूण उत्पन्नात आपोआप मिळवली जात नाही. ती पगाराच्या शेड्यूलमध्येही असावीच लागते.

वार्षिक माहिती विवरणात हा पगार दिसणार नाही, आधीच भरून आलेल्या फॉर्ममध्येही नसेल. म्हणून तो लपून राहील असे मात्र समजू नये: खात्यांच्या माहितीची देशादेशांतील देवाणघेवाण भारताने २०१७ पासून सुरू केली आहे आणि अमेरिकेबरोबर त्यासाठी स्वतंत्र करार आहे.

७. तिकडे कर भरला असेल तर: फॉर्म ६७

ज्यांना शिक्षकांची माफी मिळत नाही, त्यांना परदेशात भरलेल्या कराची वजावट येथे मिळते. करार असल्यास कलम ९० खाली, नसल्यास कलम ९१ खाली. त्यासाठी पोर्टलवर फॉर्म ६७ भरावा लागतो आणि सोबत करकपातीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. विवरणपत्र वेळेत किंवा विलंबाने पण मुदतीत भरले असेल, तर हा फॉर्म करनिर्धारण वर्ष (आर्थिक वर्षाच्या लगतचे पुढचे वर्ष) संपेपर्यंत भरता येतो. तरीही तो विवरणपत्राच्या आधीच भरावा, म्हणजे दोन्हींतील आकडे जुळलेले राहतात. त्यानंतर विवरणपत्रात शेड्यूल टीआर (परदेशी कराच्या वजावटीचा तक्ता) भरायचे.

वजावटीची मर्यादा समजून घ्या. समजा, परदेशी पगार १० लाख रुपये आणि त्यावर तिकडे कापलेला कर २ लाख. भारतात तुमच्या एकूण उत्पन्नावरील कराचा सरासरी दर १५ टक्के पडत असेल, तर त्या पगारावरील भारतीय कर दीड लाख, आणि वजावटही दीड लाखच. वरचे ५० हजार गेले. ते पुढच्या वर्षी ओढता येत नाहीत. व्याज आणि दंड यांची वजावट मिळत नाही. वजावटीसाठी रूपांतराचा दर कर कापल्याच्या महिन्याच्या आधीच्या महिनाअखेरचा असतो.

वर्षाच्या मध्येच नोकरी सोडून आलेल्यांना तिकडे बहुधा परतावा मिळतो, कारण कपात पूर्ण वर्षाच्या पगाराच्या अंदाजाने झालेली असते. ब्रिटन सोडताना त्यासाठी पी८५ भरतात. परत मिळालेल्या कराची वजावट येथे घेता येत नाही. म्हणून पगारपत्रकातील कपात नव्हे, तर अंतिम देय कर विचारात घ्यावा. अमेरिकेतील राज्यांचा कर हा आणखी एक गुंता आहे: भारताबरोबरचा करार फक्त संघीय करापुरता आहे आणि कॅलिफोर्नियासारखी राज्ये अशा करारांतील माफी मानत नाहीत. राज्याचा कर कापला गेला असेल तर त्याच्या वजावटीचा प्रश्न वादाचा आहे. रक्कम मोठी असल्यास जाणकार सीएकडे जावे.

८. शेड्यूल एफए: कॅलेंडर वर्षाची गंमत

सामान्य रहिवाशाने परदेशातील प्रत्येक बँकखाते, शेअर, निवृत्तिनिधी शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवणे बंधनकारक आहे, मग त्यात दहा डॉलर का असेनात. करपात्र उत्पन्न नसले तरी अशा व्यक्तीला विवरणपत्र भरावेच लागते. अनिवासी आणि सामान्यतः रहिवासी नसलेल्यांना हे शेड्यूल नाही.

हे शेड्यूल आर्थिक वर्षावर नव्हे, ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षावर चालते. माझे खाते जानेवारी २०२५ मध्ये उघडले. २०२४-२५ च्या विवरणपत्रात शेड्यूल एफए ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतचे होते, तेव्हा ते खाते अस्तित्वातच नव्हते. म्हणून पगार दाखवला, खाते नाही. जूनमध्ये मी ते खाते बंद केले. तरीही २०२५-२६ च्या विवरणपत्रात ते दाखवावे लागते, कारण कॅलेंडर वर्ष २०२५ मध्ये ते पाच महिने चालू होते. बँकेचे नाव व पत्ता, खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, वर्षातील सर्वाधिक शिल्लक, अखेरची शिल्लक आणि मिळालेले व्याज असे रकाने आहेत. सर्वाधिक शिल्लक शोधण्यासाठी उताऱ्याची प्रत्येक ओळ पाहावी लागते. माझ्या बाबतीत ती एप्रिलचा पगार जमा झाल्याच्या दिवसाची निघाली.

काळा पैसा कायदा, २०१५ नुसार ही माहिती न देण्याचा दंड १० लाख रुपये आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. पण माहिती देण्याची जबाबदारी सुटलेली नाही.

९. भरल्यानंतर

आयटीआर-२ ची नेहमीची मुदत ३१ जुलै आहे. भरल्यापासून ३० दिवसांच्या आत ई-पडताळणी केली नाही तर विवरणपत्र वेळेत भरल्याचे धरले जात नाही. एखादे खाते राहून गेल्याचे नंतर लक्षात आले तर नोटिशीची वाट न पाहता सुधारित विवरणपत्र भरावे. मी माझा पाच ओळींचा तक्ता, दरपत्रकांच्या प्रती आणि खाते बंद केल्याचे पत्र एकाच पीडीएफमध्ये ठेवले आहे, आणि फाइलच्या नावात करनिर्धारण वर्षही घातले आहे, कारण एकाच सत्राचे कागद दोन वर्षांत शोधावे लागतात.